आग्रह न करणारी मावशी

४ सप्टेंबर

नैना म्हणाली, रोज एक ओळ तरी लिही. कुठल्या भाषेत ते तिने सांगितलं नाही, म्हणून मराठीत लिहिते आहे. नैना आमच्या युनिव्हर्सिटीच्या डिसॅबिलिटी ऑफिसमध्ये आहे. आईवडील ठाण्याचे, पण ती इथेच जन्मली. तिला मराठी वाचता येत नाही, हे मी आधी विचारून घेतलं. बोललेलं कळतं म्हणे. काळजी करायला तेवढंही पुरेसं आहे.

उन्हाळ्यात इथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की मी ऑटिस्टिक आहे. नागपूरला चोवीस वर्षं सगळे त्याला 'तिरसट', 'एककल्ली' आणि 'आजोबांवर गेली' म्हणत होते. मला रडूबिडू आलं नाही. आधी वाटलं, चला, नाव तरी मिळालं. दुसऱ्या मिनिटाला वाटलं, आईला कळता कामा नये.

आईला कळलं तर ती मला परत नेईल. मी उगाच घाबरत नाहीये. बारावीनंतर पुण्याला इंजिनीअरिंगला गेले होते. मेसमधला आवाज सहन व्हायचा नाही, म्हणून जेवायला जायचे नाही. हे आईच्या कानावर गेलं आणि ती आली ती माझी गादी गुंडाळूनच. 'आपल्या घरी राहून शिक.' पुढचं सगळं नागपूरला झालं. ते कॉलेज मी पुन्हा पाहिलं नाही. त्यामुळे मे महिन्यात मास्टर्सची डिग्री हातात पडेपर्यंत घरी चकार शब्द नाही. इथे हे फक्त दोघींना माहीत आहे, नैनाला आणि माझी रूममेट मोनाला.

आज नैनाने फोनवर एक ॲप टाकून दिलं. आमच्यासारख्या विद्यार्थ्यांना दिवस आखायला मदत करतं. त्याचं नाव गुळगुळीत इंग्रजी आहे, मी त्याला मास्तरीण म्हणणार. सेटिंग करताना नैना प्रश्न विचारत होती आणि डोक्यावर ट्यूबलाइट भुणभुणत होती. जवळपास कोणी आहे का तुझं, असं तिने विचारलं. मी सवयीने सांगितलं, मावशी आहे एडिसनला. बँकेत, घरमालकाकडे, डेंटिस्टकडे आपली सगळी पोरं हेच करतात, जी कोणी मावशी-आत्या अमेरिकेत असेल तिचा नंबर देऊन मोकळी होतात. मलाही तो तोंडपाठ आहे. नैना म्हणाली, "शुड आय ॲड हर?" मी म्हटलं, हो, कर. ट्यूबलाइटपासून सुटायचं होतं.

९ सप्टेंबर

मास्तरीण चांगलं काम करते, आणि म्हणूनच संशय येतो. फुकट मिळालेली वस्तू इतकी चांगली कशी काय?

आजवर मी 'कपडे धुणे' असं ठरवायचे आणि ते तसंच राहायचं. मास्तरीण म्हणते, आधी टोपली दाराशी ठेव. बस, एवढंच. ते झाल्यावर पुढचं. मशीन लावल्यावर म्हणाली, खालीच बस, वर गेलीस तर विसरशील. मी वर जाते आणि विसरते, हे हिला कोणी सांगितलं? मी मोनाला विचारलं. मोना डोंबिवलीची, तिला कशाचंच आश्चर्य वाटत नाही. "यार, सगळेच विसरतात," म्हणाली.

प्रत्येक कामानंतर मास्तरीण रंग विचारते. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे जड जातंय, लाल म्हणजे डोकं भरून वाहतंय. मी खरं तेच दाबते. खोटं दाबलं तर तिचे पुढचे अंदाज चुकतील, आणि चुकीचा डेटा मला बघवत नाही. शेवटी स्टॅटिस्टिक्सची विद्यार्थिनी आहे मी.

२० सप्टेंबर

दुपारचं जेवण राहिलं. कॅफेटेरियात कोणाचा तरी वाढदिवस होता, फुगे फोडत होते. मास्तरीणबाईंना 'जेवण नाही, लाल' असं कळवून टाकलं.

संध्याकाळी सुवर्णामावशीचा फोन. "जेवलीस का गं?"

हा काही पुरावा नव्हे. महाराष्ट्रातली कुठलीही मावशी कुठल्याही वेळी हेच विचारते. पण मावशी सहसा रविवारी फोन करते आणि आज शनिवार होता. नुसतं लिहून ठेवते आहे.

२८ सप्टेंबर

मावशी ही आईची धाकटी बहीण. काका गेल्यापासून एडिसनच्या घरात एकटी राहते. संग्राम, म्हणजे तिचा मुलगा, क्युपर्टिनोला असतो आणि त्याचा फोन आला तर आला. मावशीचा आग्रह साऱ्या न्यू जर्सीत प्रसिद्ध आहे. तिच्या घरी 'नको' याचा अर्थ 'अजून दोन वाढ'. गणपतीला मी मोनाला घेऊन गेले होते, तर मोना तिथून निघाली ती चालत कमी आणि डुलत जास्त. वर मावशीने तिचा नंबर मागून घेतला, उकडीच्या मोदकांची कृती पाठवायला. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

आज फोनवर मावशी म्हणाली, "लायब्ररीत फार गोंगाट होता का गं काल?"

मी म्हटलं, "तुला काय माहीत?"

तिने उगाच खोकून घेतलं. मग म्हणाली, "अगं, असतो ना कधीकधी." आणि लगेच हवापाण्यावर गेली. एडिसनला थंडी पडायला लागली म्हणे.

काल लायब्ररीत खरंच गोंगाट होता. तळमजल्यावर लहान मुलांचा कार्यक्रम होता. मी मोनाला रात्री जेवताना सांगितलं होतं. फक्त मोनाला. कुठेतरी पाणी मुरतंय.

४ ऑक्टोबर

आता शंकेच्या पालीने चुकचुकणं सोडून सरळ बोलायला सुरुवात केली आहे.

परवा आणि काल, दोन्ही दिवस लाल. प्रोजेक्टच्या ग्रुपमध्ये चौघं एकदम बोलतात आणि मी घरी येऊन अंधारात पडून राहते. आज दुपारी बेल वाजली. दारात मावशी. फोन नाही, मेसेज नाही, दोन ट्रेन बदलून आलेली, हातात डबा. न सांगता कोणी आलेलं मला झेपत नाही. उभ्या जागी मला हॅलोसुद्धा म्हणता येईना. मावशीने एरवी मला कवटाळलं असतं, दोन्ही गाल ओढले असते, मोठा दिवा लावून 'किती काळोख करून बसलीस' म्हटलं असतं.

यातलं काहीही केलं नाही. चपला काढल्या, डबा ओट्यावर ठेवला आणि खुर्चीवर बसली. दिवा नाही लावला. आवाजही हळू. "वरणभात आहे. भेंडीची परतलेली भाजी आहे. खाणार का आत्ता?" मी म्हटलं, नको. ती म्हणाली, "बरं."

बरं! पन्नाशी उलटून गेलेल्या माझ्या मावशीने आयुष्यात पहिल्यांदा 'नको' ऐकून 'बरं' म्हटलं असेल. मी वाट बघत राहिले, आता म्हणेल 'दोन घास तरी', आता म्हणेल 'माझी शपथ आहे'. काही नाही. मांडीवर हात ठेवून बसली होती, बोटं एकमेकांत घट्ट. मोना आली तशी तिच्याशी दोन शब्द बोलली आणि चहासुद्धा न घेता निघाली. दारातून वळून एकदा डब्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, मिटलं.

हे सरळ नाही. माणूस असं बदलतं ते काहीतरी कळल्यावर. आजारी माणसाशी वागतात तशी वागत होती. मावशीला माझं ऑटिझमचं कळलेलं आहे, आणि मावशीला कळलं म्हणजे आई एका फोनच्या अंतरावर आहे.

मोना मावशीला खाली सोडायला गेली होती. दहा मिनिटं लागली. आमचा जिना दहा मिनिटांचा नाही.

भेंडी रात्री खाल्ली. चांगली होती, तो मुद्दा नाही.

१२ ऑक्टोबर

नुसत्या संशयावर कोणाला बोलणं बरोबर नाही. मी आज सापळा लावला.

नैनाला सांगितलं, मी पोहायला जायला लागले आहे. साफ खोटं. मोनाला सांगितलं, मंगळवारचं सेमिनार मी बुडवणार आहे, जीव नाही तिथे बसायचा. हेही खोटं होतं, पण मोना दिवसभर बरोबर असते, ती बघणार मी गेले की नाही. म्हणून खरंच जायचं नाही असं ठरवलं. मास्तरणीकडेही सेमिनार रद्द करून टाकलं, नाहीतर ती मंगळवारी दर पाच मिनिटांनी 'निघायची वेळ झाली' करत बसेल. पोहण्याचं मात्र तिच्याकडे टाकलं नाही. न केलेल्या गोष्टीची नोंद कशी करणार?

आता बघायचं, मावशी पोहण्याचं विचारते की सेमिनारचं. पोहणं आलं तर नैना, सेमिनार आलं तर मोना. हातच्या काकणाला आरसा कशाला.

१४ ऑक्टोबर

मावशीचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं आणि मग अगदी सांभाळून, "बरी आहेस ना? क्लासबिस नीट चाललेत ना? नाही, एखाद्या वेळी सेमिनारला नाही गेलं तर काही बिघडत नाही हो. आराम करावा."

म्हणजे मोना.

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात गेले. मोना पोहे टाकत होती. मी म्हटलं, "तू मावशीला माझं सगळं सांगतेस."

ती म्हणाली, "काय सांगते?"

"जेवले नाही ते. लायब्ररीतलं. सेमिनारचं. आणि माझं ते, उन्हाळ्यातलं."

"आशू, मी मावशींशी मोदकांवर बोलले आहे. त्यानंतर हॅपी दसरा. बस."

"मग जिन्यात दहा मिनिटं काय बोलत होतात?"

"त्यांना गुडघ्याचा त्रास आहे यार. हळू उतरतात त्या."

मी म्हटलं, "मी टेस्ट केली होती. तुलाच फक्त सांगितलं होतं सेमिनारचं." तिने गॅस बंद केला. तिचा चेहरा मला नीट वाचता येत नाही, कोणाचाच येत नाही, पण ती माझ्याकडे बघायची थांबली होती. चोराच्या मनात चांदणं. पोहे तसेच कढईत राहिले.

मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. मास्तरणीला लाल कळवलं.

२१ ऑक्टोबर

दिवाळी. आईचा व्हिडिओ कॉल. मी तिचा चेहरा बारकाईने बघत होते. कंदील दाखवला, अनरसे बिघडले ते दाखवले, बाबांना ओढून आणून दाखवलं. 'कशी आहेस' एवढंच विचारलं, त्यापुढे काही नाही. माहीत असून लपवत असेल? की माहीतच नाही? आई जेव्हा खरंच काही लपवते तेव्हा ती फार बोलते, आणि आज ती फार बोलली. पण दिवाळीत ती बोलतेच.

मावशीकडून कुरिअरने फराळ आला. मोनासाठी वेगळा डबा, तिचं नाव लिहून. मी तो तिच्या खोलीच्या दाराशी ठेवला. मोना महिनाअखेरीस शिवांगी नावाच्या तिच्या मैत्रिणीकडे राहायला जाते आहे. मला ईमेलने कळवलं, पलीकडच्या खोलीतून.

१ नोव्हेंबर

मोना गेली. घर शांत आहे. हवं होतं ना, घे.

१६ नोव्हेंबर

काहीतरी चुकतं आहे.

मोना जाऊन दोन आठवडे झाले. ती माझ्याशी बोलत नाही, मी कुठे जाते, काय खाते, तिला कळायचं कारण नाही. आणि आज मावशी म्हणाली, "झोपेचं बघ हं जरा." तीन दिवस झोप लागत नाहीये, हे मी कोणालाच सांगितलेलं नाही.

मग नैनाच राहिली. मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला तिची आई आणि मावशी एका रांगेत बसत असतील. पोहण्याचं खोटं तिने ओळखलं असेल, म्हणून पुढे सांगितलं नसेल. नैनाची या आठवड्याची अपॉइंटमेंट कॅन्सल केली. पुढच्याही दोन केल्या. आता मी कोणालाच काही सांगत नाही. फक्त मास्तरणीला, कारण ती निदान बोलत नाही.

मोना नसेल तर? हा विचार आज दोनदा आला. दोन्ही वेळा उठून भांडी घासली.

२७ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंगची सुट्टी. मावशीकडे आले आहे. यायचं नव्हतं, पण तोंडावर विचारायचं ठरवलं होतं.

स्टेशनवर गाडी घेऊन उभी होती. घरी आलो. स्वयंपाकघरात मटार उसळ शिजत होती, मावशीचा फोन मिक्सरशेजारी. माझ्या फोनवर मास्तरीण विचारत होती, पोचलीस का. मी 'पोचले' दाबलं.

मिक्सरशेजारचा फोन टिंग वाजला.

मावशी पुऱ्या लाटत होती, तिने मान वर केली नाही. मी रंग दाबला, पिवळा. टिंग. मी तिथेच उभी राहिले. मग जेवणाच्या आधीच 'जेवण झालं' दाबलं, मी पहिल्यांदाच मास्तरणीशी खोटं बोलले. टिंग.

मावशीने पिठाच्या हाताने फोन उचलला, वाचलं, आणि माझ्याकडे पाहिलं. "अजून पुऱ्या तळायच्यात," म्हणाली. "जेवलीस कधी?"

मी तिच्या हातातून फोन घेतला. सगळं होतं. सप्टेंबरपासूनचा प्रत्येक दिवस, इंग्रजीत, माझ्या नावाने. आश्लेषा वर्गात पोचली. आश्लेषाचं जेवण राहिलं, लाल, कॅफेटेरिया. लायब्ररी, लाल. मंगळवारचं सेमिनार आश्लेषाने रद्द केलं. झोप कमी. बारीक अक्षरांत खाली सूचना.

मोनाने काही केलं नव्हतं.

२८ नोव्हेंबर

काल पुढचं लिहवलं नाही. आज सकाळी लिहिते आहे, मावशी खाली आहे.

मी विचारलं, हे तुझ्याकडे कसं. मावशीलाच आश्चर्य वाटलं. "म्हणजे काय? तूच पाठवलंस ना."

पहिला मेसेज आला तेव्हा ती ओक ट्री रोडवर भाजी घेत होती. 'आश्लेषाने तिची मदतीची व्यक्ती म्हणून तुमची निवड केली आहे.' खाली लिंक, ऑटिझम म्हणजे काय, अशा मुलांना काय जड जातं, जवळच्यांनी कसं वागावं. मावशीने पार्किंगमध्ये गाडीत बसून सगळं वाचलं. भाजी गाडीत तशीच, कोथिंबीर सुकून गेली. काही शब्द अडले. संग्रामला विचारता आले असते, विचारले नाहीत. "तुझी गोष्ट होती. त्याला कशाला?"

मी म्हटलं, "मग मला का नाही बोललीस?"

"मला वाटलं, तुला तोंडाने सांगायला जमत नसेल म्हणून हे असं कळवलंस. मग मीही तोंडाने काही काढायचं नाही असं ठरवलं. ते लायब्ररीचं एकदा निघून गेलं तोंडून, मग जीभ चावली. सेमिनारचंही तसंच." मग म्हणाली, "त्यात लिहिलं होतं, खाण्याचा आग्रह करू नका, एकदाच विचारा आणि उत्तर ऐका. तेवढं एक फार जड गेलं बघ. त्या दिवशी तुझ्याकडून परत जाताना सगळ्या ट्रेनभर मनात तेच, पोर उपाशी राहिली."

दोन महिने मी हिच्या त्या 'बरं'वरून एवढा डोंगर रचला.

तिला तसंच राहू द्यायला हवं होतं का, माहीत नाही. मला नाही जमलं. मी म्हटलं, "मावशी, मी निवडलं नव्हतं तुला. नैनाने विचारलं जवळ कोणी आहे का, मी नेहमीसारखा नंबर दिला. मला माहीतच नव्हतं हे तुला जातं म्हणून."

ती ओटा पुसत होती. स्वच्छ होता, तरी पुसत होती.

"म्हणजे चुकून," म्हणाली.

"हो."

"मी आपली रोज रात्री बघून झोपायची. संग्रामला मोठेपणाने सांगितलं एकदा, आशू मला रोज कळवते म्हणून." ती हसायला गेली, ते नीट झालं नाही.

मी विचारलं, "आईला सांगितलंस?"

"ताईला? एक अक्षर नाही. ती तुला घेऊन जाईल हे मला कळत नाही का? तिने तुझं नाव काढलं की मी आपली विषय बदलायची. आता काढून टाकशील ना मला त्यातून?"

"माहीत नाही."

"काढ हो, काढायचं असेल तर. फक्त काढलंस की मला सांग. नाहीतर मेसेज आला नाही की मला वाटेल, काहीतरी झालं."

मी काढलं नाही. उसळ पुन्हा गरम केली आणि जेवलो. मी दोनदा मागून घेतलं, तिने वाढलं.

३ डिसेंबर

नैनाकडे आधी गेले. अपॉइंटमेंट कॅन्सल केल्याबद्दल सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "बट आय आस्क्ड यू. यू सेड येस." खरं आहे. तिच्या मते 'ॲड' म्हणजे काय ते उघड होतं आणि माझ्या मते नंबर म्हणजे नुसता नंबर. ट्यूबलाइट मात्र तिने बदलून घेतली आहे.

मग जर्नल स्क्वेअरला, शिवांगीच्या घरी, मोनाकडे. तिने दार उघडलं, आत ये म्हणाली नाही. मी दारात उभं राहून सगळं सांगितलं, सरळ, क्रमाने.

"म्हणजे ॲप सांगत होतं," ती म्हणाली.

"हो."

"आणि तू माझी टेस्ट घेतलीस. तीही घोळ असलेली, सेमिनार ॲपमध्ये पण टाकून. स्टॅटवाली ना तू?"

"चुकलं माझं. मला फार वाईट वाटतंय."

"मला नाही वाटलं? अगं, तुझ्या त्या रिपोर्टच्या दिवशी मी होते बरोबर. कुणाला नाही सांगितलं, माझ्या आईला नाही. एकदा विचारायचंस ना."

"विचारलं होतं."

"नाही. 'तू सांगतेस' असं म्हणालीस. विचारलं नाहीस." ती दाराच्या कडीशी चाळा करत होती. "तू सगळ्यांची परीक्षा घेतेस आशू, आणि कोणाला साधं विचारत नाहीस."

मी म्हटलं, पुन्हा आपल्याकडे राहायला येशील का. हे मी विचारलं. ती म्हणाली, नाही. मग म्हणाली, कधीतरी कॉफीला भेटू, पण आत्ता नको. मी 'आत्ता' म्हणजे कधीपर्यंत ते विचारलं नाही.

परत येताना रडू आलं, ट्रेनमध्ये, सगळ्यांसमोर.

७ डिसेंबर

मास्तरणीकडे 'आईला सांगणे' असं टाकलं होतं. तिने तुकडे करून दिले. पाणी जवळ ठेव. पहिलं वाक्य आधी ठरव. ते म्हणून झाल्यावर थांब. मावशीला हे दिसलं असणार. तिचा फोन आला नाही.

मे महिन्यापर्यंत थांबणार होते. पण आता हे मावशीच्याही गळ्यात आहे, बहिणीशी बोलताना तिने किती दिवस थंडीचं कौतुक करावं? आणि मला आई फोनवर फार बोलली की संशय, कमी बोलली की संशय, याचा वीट आला आहे.

मी पहिलं वाक्य म्हटलं आणि थांबले. मग बाकीचंही सांगितलं. आई मध्ये एकदाही बोलली नाही. शेवटी म्हणाली, "अजून कोणाला माहीत आहे?"

"मावशीला."

"कधीपासून?"

"सप्टेंबर."

फोन कट झाला. मी तो हातात धरून बसले होते. मावशीला लावला, तर एंगेज्ड. बराच वेळ एंगेज्ड.

मग आईचाच आला. आवाज बसलेला होता. "सुवर्णाशी भांडले. इतके दिवस मला चुकवत होती, मला वाटलं संग्रामचं काही असेल." नाक ओढलं. "एक सांग. मला कळलं तर मी तुला घेऊन जाईन, म्हणून नाही बोललीस?"

मी म्हटलं, "हो."

मला वाटलं, आता म्हणेल, असं कसं वाटलं तुला, मी काय तुझी वैरीण आहे का. ती म्हणाली, "नेलंच असतं. सप्टेंबरात कळलं असतं तर ऑक्टोबरात तू इथे असतीस." मग म्हणाली, "नाही सांगितलंस ते बरं केलंस."

याच्या मागे काय असेल, बाबांशी बोलून तिकीट बघितलंय का, मावशीला काय सांगून ठेवलंय, हे सगळं डोक्यात सुरू झालं. मी ते थांबवलं आणि विचारलं.

"मग आता नेणार का?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"आत्ता नको विचारूस, आशू," ती म्हणाली. "आत्ता विचारलंस तर मी हो म्हणेन."